हौसाक्काची मोटार आणि गुरुवारचा सौदा

बसा, मंडळी, बसा! पुढं सरका! पाणी ओढून ओढून दमलाय, ठाऊक आहे मला. सप्ताहाचा आज तिसरा दिवस, रोज दोनशे पानं उठतात, आणि देवळामागच्या विहिरीची मोटार अजून दुकानात! सगळं पाणी कळशीनं! सकाळी पंगतीत एक आजोबा मला म्हणाले, "महाराज, पुण्य कमवायला आलो आन् खांदाच निखळला की!" — हसू नका, ते पुढंच बसलेत!

आणि शिव्या कुणाला? सर्जेराव लोहाराला! मोटार त्याच्याकडं ना! परवा दिली, काल मिळाली नाही, आज मिळाली नाही. विचारायला गेलं की एकच उत्तर — "उद्या या. वाळू दे." तुम्ही शिव्या दिल्या, देवस्थानच्या पंचांनी दिल्या. आणि मंडळी, खोटं कशाला बोलू, काल मीही दिल्या! या गादीवर बसणाऱ्या माणसानं दिल्या! ते पुढं सांगतो.

आधी एक प्रश्न घ्या. माणूस खोट्याच्या नादी लागून बुडाला, तर आपण म्हणतो, फसला बिचारा. पण एखाद्यानं खरी गोष्ट ओळखली, अगदी बरोबर ओळखली, आणि तरीही तो बुडाला — तर? बुडाला तो बुडाला, सोबत आपल्या माणसालाही घेऊन गेला — तर? त्याला कुणी फसवलं? सांगा! ... नाही येत ना उत्तर? मलाही काल दुपारपर्यंत येत नव्हतं.

मंडळी, ऐका. गोष्ट लांबची नाही. तुमच्याच गावची हौसाक्का. पीठगिरणीवाली. चार वर्षांमागं गौरीच्या सणाला गेली. कशी गेली? तुम्ही म्हणाल — शॉक लागून. अर्थिंगची तार गंजलेली होती, कागदावरही तसंच लिहिलंय. खरं आहे! पण अर्धं. उरलेलं अर्धं आज ऐका. मला ते ज्यानं सांगितलं, त्यानंच "नाव घेऊन सांगा" असंही सांगितलंय.

सर्जेराव हा हौसाक्काचा धाकटा भाऊ. किती धाकटा? चौदा वर्षांनी! आई त्याला जन्म देऊन गेली, आणि या पोरीनं त्याला कमरेवर घेतलं ते खाली ठेवलंच नाही. लग्न होऊन ती याच गावात आली, तर भाऊही मागोमाग! नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. मग गिरणी आणि भाऊ, एवढाच तिचा संसार. चैत्रात छपरावर कुरडया घालायची आणि सर्जाला राखणीला बसवायची. पोरगं ते! अर्ध्या ओल्या कुरडया उचलून डब्यात भरायला जायचं, तर खालून ओरडायची, "आरं सर्जा, वाळू दे की! वरनं वाळलंय, पोटात वलं हाय त्ये! बुरशी धरंल!"

वरून वाळलंय, पोटात ओलं आहे. — एवढं लक्षात ठेवा.

सर्जेराव मोठा झाला, मोटार रिवाइंडिंग शिकला. जळकी मोटार आली की जुनी तार काढायची, नवी भरायची, फेरे मोजून मोजून. मग तिला वार्निश पाजायचं. आणि मग? मग मोटारीच्या पोटात शंभराचा बल्ब लावून ठेवायचा, एक दिवस, एक रात्र! वार्निश आतपर्यंत वाळलं पाहिजे. नाही वाळलं तर तारा सैल राहतात, थरथरतात, एकमेकींना घासतात, आणि मोटारीच्या अंगात करंट उतरतो. वाळल्यावर मेगर लावून बघायचं की आतली वीज आतच राहतेय ना. मग स्वतः जाऊन बसवायची, अर्थिंग तपासायचं, तेव्हा पैसे घ्यायचे. पंचवीस वर्षं हाच नेम! आमदाराचा माणूस आला तरी तेच — "उद्या या. वाळू दे."

कुरडयांच्या राखणीतून आलेली विद्या, मंडळी! कुठल्या कॉलेजात मिळाली नाही ती.

आता एके वर्षी ओढ्याला पूर आला आणि कुणा डॉक्टरांची विजेवरची मोटारगाडी पाण्यात अडकली. कंपनीची माणसं यायला आठवडा, म्हणून डॉक्टर म्हणाले, सर्जेराव, निदान उघडून बघा. त्यानं उघडली — आणि बघतच राहिला! आत तांब्याच्या चपट्या पट्ट्या, एकसारख्या बसवलेल्या. वार्निश असं, की नखानं निघत नाही. चार दिवस पाण्यात राहूनही आत थेंब नाही! संध्याकाळी आक्काकडं जेवायला गेला आणि म्हणाला, "आक्का, ही कंपनी मोठी हुणार बघ. ह्यांच्यातला माणूस घाई करत न्हाई."

बरोबर ओळखलं का नाही? बरोबर ओळखलं! ऑफिसात बसून आकडे बघणाऱ्यांना जे दिसलं नाही, ते या लोहाराला वार्निशात दिसलं!

त्याच दिवसांत आक्कानं पैसे साठवले होते. कशाला? गिरणीच्या नव्या मोटारीला. जुनी दोनदा जळून झाली होती. सर्जेराव म्हणाला, "आक्का, जुनी मी अजून चार-पाच वर्सं चालवून दावतो. हे पैसे त्या कंपनीत ठेवू. पाच वर्सांनी तुला मोटारच काय, अख्खी नवी गिरणी घिऊन देतो." आक्काला कंपनी काय ठाऊक! तिला सर्जा ठाऊक. तिनं पिठाच्या हातानंच पैसे काढून दिले.

त्यानं शेअर घेतले. वर्षभरात थोडे चढले. तो बघतही नव्हता! वाळत घातलंय, वाळू दे. — इथं गोष्ट संपली असती तर मी आज दुसरं काही सांगत बसलो असतो!

पण शेजारी दुकान कुणाचं? धैर्यशीलचं! मोबाईलची कव्हरं विकणारा धैर्यशील! आईबापानं हौसेनं नाव ठेवलं, पण या माणसाला चहा निवेपर्यंत धीर नाही! बशीत ओतून, फुंकून, भाजून घेईल पण थांबणार नाही! तो म्हणाला, "सर्जेदा, येवढं तुमाला कळतंय आन् तुमी पाच वर्सं झोपा काढनार व्हय? ह्याच कंपनीचा कॉल घ्या. म्हैन्यात चौपट!"

आता हा कॉल म्हणजे काय? ऐका, साध्या भाषेत सांगतो. शेअर घेणं म्हणजे जमीन घेणं. भाव पडला तरी जमीन आपलीच, दोन वर्षांनी चढेल. पण कॉल म्हणजे इसार! भाव ठरवायचा, थोडे पैसे द्यायचे, मुदत घालायची. मुदत कधीची? महिन्याचा शेवटचा गुरुवार, दुपारी साडेतीन! तोवर भाव चढला तर इसाराचे चौपट. नाही चढला — इसार गेला! शुक्रवारी सकाळी तोच भाव आभाळाला टेकला, तरी तुझं त्यात काही नाही! ... बघा, तिथं खांबाजवळ एकजण मान हलवतोय. त्याला माझ्याआधी समजलं! त्याच्या फोनमध्ये काय आहे ते मी चारचौघांत विचारणार नाही!

पहिल्या महिन्यात काय झालं? हरला? छे! हरला असता तर वाचला असता, मंडळी! जिंकला! चार दिवसांत पैसे दुप्पट! पंचवीस वर्षं एकेक मोटार वाळवून जे मिळालं नाही, ते चार दिवसांत! आक्काला नवं लुगडं आणलं. आक्का म्हणाली, "कशाची मोटार भरलीस रं येवढी?" हा नुसता हसला.

आणि मग फोन दुकानात आला. कॉइल गुंडाळायच्या यंत्रासमोर तारेनं टांगला! एका डोळ्यानं फेरे मोजायचे, एका डोळ्यानं भाव. ऐंशी, एक्याऐंशी, ब्याऐंशी — आणि तिकडं भाव हलला की फेरा चुकला! जो माणूस बायकोनं हाक मारली तरी मोजणी सोडत नव्हता, तो आता दोनदा-दोनदा मोजायला लागला.

दुसरा महिना गेला. तिसरा गेला. प्रत्येक वेळी कंपनी चांगली, अंदाज बरोबर, पण दिवस चुकायचा! सोमवारी चढणार म्हणून घ्यावं, तर पुढच्या महिन्यात चढायचं. गेलेलं भरून काढायला मग त्यानं काय विकलं? शेअर विकले! जे वाळत घातलं होतं, तेच काढून विस्तवात घातलं! आक्का विचारायची, "सर्जा, माज्या मोटारीचं पैसं हायत न्हवं नीट?" हा म्हणायचा, "वाढत्यात, आक्का." — जिच्या कमरेवर वाढला, तिला! मला सांगताना काल त्याची मान वर झाली नाही.

आता त्या वर्षीचा गौरीचा सण आठवा. शुक्रवारी गौरी यायची होती. घराघरात पुरणपोळीचं पीठ पाहिजे, आणि बुधवारी सकाळी हौसाक्काच्या गिरणीची मोटार जळाली! रांगेत डबे किती? साठ-सत्तर! कुणाचे होते ते डबे? बायांनो, खाली बघू नका. माझ्या आईचा डबा असता तर तोही त्याच रांगेत असता.

हातगाडीवर मोटार घालून आक्का भावाच्या दुकानात आली. "सर्जा, बाया जीव खात्यात रं. कवा मिळंल?"

दुसऱ्या दिवशी गुरुवार. महिन्याचा शेवटचा! आणि होतं नव्हतं ते शेवटचं सगळं त्यानं त्या गुरुवारवर लावलेलं. कंपनीच्या नव्या कारखान्याची बातमी येणार, येणार, असं सगळे म्हणत होते. बातमी आली की आक्काचे पैसे परत, शेअर परत, तोंड दाखवायला जागा. नाही आली तर आक्काची मोटार कायमची गेली. एवढं त्या साडेतीनवर टांगलेलं होतं.

गुरुवारी दुपारी बारापर्यंत तार भरून झाली. वार्निश पाजलं. पोटात बल्ब लावला. आणि हा फोनसमोर बसला.

एक वाजला. भाव खाली. दोन वाजले. अजून खाली. धैर्यशील दारात येऊन सांगतोय, "सर्जेदा, इका, मिळंल त्या भावाला इका!" — हा म्हणतो, "न्हाई, बातमी येनार." अडीच. पावणेतीन. घामानं फोनची काच धरवेना.

तेवढ्यात दारात आक्का. मागं हातगाडीवाला.

"सर्जा, वाळली का रं?"

पुढचं मंडळी जपून ऐका. त्या क्षणी फोनवर भाव एक रुपयानं चढला. एक रुपयानं! त्याला वाटलं, आली, बातमी आली! त्यानं मान वर केली नाही. बल्ब अडीच तास जळलेला. हात लावून बघितला नाही, मेगर लावलं नाही. फोनकडं बघत बघत तो म्हणाला —

"वाळलंय. न्या."

आक्कानं मोटारीकडं बघितलं. तिला नवल वाटलं असणार. म्हणाली, "येवढ्यात? तू येत न्हाईस बसवायला?"

"म्हादूला सांग बसवायला. मला काम हाय."

आणि ती गेली. कुरडई पोटात ओली आहे हे छपराखालून ओळखणारी बाई! तिला कळलं नाही? कळलं असेल, मंडळी. पण वाळलंय असं सर्जा म्हणाला होता. सर्जा कधी चुकीचं सांगतो का?

साडेतीन झाले. बातमी आली नाही. सौदा मेला.

तो तसाच बसून राहिला. त्याला मोटार आठवली नाही, आक्का आठवली नाही. रिकामा फोन बघत बसला. गिरणीतल्या गड्यानं, म्हादूनं, पट्टा चढवला, मोटार सुरू झाली. चालली की! तासभर छान चालली! वरून वाळलेली होती ना! वीस डबे दळून झाले. बाया म्हणाल्या, भाऊ असावा तर असा. आक्कानं हात धुतले, घोटभर पाणी प्याली, आणि ओल्या हातानं पट्टा नीट चालतोय का बघायला मोटारीला टेकली.

अर्थिंगची तार गंजलेली होती. हो, होती! पण मोटार बसवायला तो स्वतः गेला असता, तर त्याला ती पहिल्या नजरेला दिसली असती. पंचवीस वर्षं अशा तारा त्याला दिसत आल्या होत्या.

बोलावायला माणूस आला. तो धावला. काय बघितलं, ते त्यानं मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

थांबा. पेटी नको आत्ता. थांबा जरा.

आता दहावा दिवस. नदीकाठी पिंड ठेवला. सगळे लांब उभे, आणि सर्जेराव हात जोडून सगळ्यात पुढं. त्याच्या मनात काय होतं सांगू? त्यानं सांगितलं मला. तो म्हणाला, "महाराज, मला वाटत हुतं कावळा शिवूच नये. आक्कानं तासन् तास उभं करावं मला उनात. सगळ्यांनी विचारावं, हिचा जीव कशात अडकलाय? आन् मग मी बोलनार हुतो, सगळ्यांसमोर." आणि काय झालं? पिंड ठेवून क्षण झाला नाही तोवर कावळा आला आणि पानाला शिवला! जीव कशातच अडकलेला नव्हता तिचा! राग नाही, हिशेब नाही, काही नाही! बोलायला निघालेलं त्याच्या तोंडातच राहिलं. लोक म्हणाले, पुण्यवान बाई. आणि हा तिथं वाळूवर असा कोसळला, की दोघांनी धरून उठवावं लागलं.

आणि नदीवरून परत येताना धैर्यशील जवळ आला. त्याच्या मनात वाईट नव्हतं हो! पण राहवेना! हळूच म्हणाला, "सर्जेदा, बातमी सोमवारी आली. कंपनी दीडपट झाली. तुमचंच बरोबर हुतं."

तुमचंच बरोबर होतं!

मंडळी, मघाचा प्रश्न आठवा. खरं ओळखूनही जो बुडाला, त्याला कुणी फसवलं? कंपनीनं? कंपनी चांगली होती! डोळ्यांनी? डोळे तर पंचवीस वर्षं तयार झालेले! मग? जी गोष्ट पाच वर्षांनी पिकणार होती, तिला त्यानं गुरुवारी साडेतीनला पिकायला सांगितलं. आणि जी मोटार शुक्रवारी वाळणार होती, तीही गुरुवारी वाळली असं म्हणाला. बाजारातली घाई बाजारात राहत नाही हो! ती घरी येते, हातात येते, जिभेवर येते. त्या बाईचा जीव विजेनं घेतला असं कागदावर आहे. मी सांगतो, तो त्या एका शब्दानं घेतला.

आता कालचं. काल दुपारी मी त्याच्या दुकानात गेलो. तणतणत! मागं पंच. मी म्हणालो, "सर्जेराव, सप्ताह आहे देवाचा! लोकांचे हाल होतायत! मोटार द्या!"

तो म्हणाला, "महाराज, उद्या या. वाळू दे."

आणि मी काय म्हणालो असेन? ऐका, लाज वाटते, पण ऐका! मी म्हणालो, "अहो, नुसतं पाणी तर ओढायचंय! वाळली असेल नसेल, द्या तशीच! देव बघून घेईल!"

त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. स्टूल पुसलं आणि म्हणाला, "बसा महाराज. एक सांगायचं हाय." आणि हे सगळं सांगितलं. दोन तास! मोटारीच्या पोटात बल्ब जळत होता. शेवटी म्हणाला, "चार वर्सं झाली, आजवर कुणाला बोललो न्हाई. कागदावर चूक आक्काच्या गिरणीची लिवलीय. ती खोडा. उद्या लोकांसमोर सांगा, नाव घिऊन सांगा." मी म्हणालो, तुम्ही या, तुमच्यासमोर सांगतो. तर म्हणाला, "बल्ब सोडून न्हाई येता येत."

म्हणून तो आज इथं नाही. तो तिकडं तुमची मोटार राखत बसलाय! विहिरीची मोठी मोटार, तिला दोन रात्री लागतात.

उठण्याआधी त्याला शिक्षा काय ते ठरवायचंय का? ठरवा! पण आधी मला ठरवा. "द्या तशीच" म्हणणारा मी! आणि त्या सणाला "आक्का, आज पाहिजेच" म्हणणाऱ्या तुम्ही! आणि खांबाजवळच्या गृहस्था, तू! हा महिनाही संपत आलाय. उद्या-परवा तुझाही गुरुवार असेल. त्या दिवशी घरातलं कुणीतरी दारात येईल, काहीतरी विचारील. फोनमधून मान वर काढून बघ रे बाबा, कोण विचारतंय ते. एवढंच मागतो तुझ्याकडं.

आज टाळ नकोत, गजर नको. पांडुरंगाचं नाव मनातल्या मनात घ्या, आणि त्यात हौसाक्काचं मिसळा. झालं? आता कुणीही तसाच घरी जायचं नाही. दारात कळश्या मांडून ठेवल्यात. विहिरीपासून हंड्यापर्यंत रांग करायची, उद्याच्या पंगतीचं पाणी आत्ता भरायचं. पहिली कळशी माझी. आजोबा, तुमचीही मीच आणतो, तुम्ही नुसते बसा.

आणि उद्या सर्जेरावाच्या दुकानावरून जाताना एकानंही विचारायचं नाही, मोटार कधी देणार म्हणून. वाळली की येईल.